एक अमृत, एक सन्मान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बसचं तिकीट काढायला गेलो. तेबी आम्हाला काढू दिलं न्हाई.

मोठं शहर. त्याचं नाव घेत न्हाई. त्यानंबी आमचं नाव एकदाच विचारलं, दंडाच्या पावतीवर लिहायला.

थंड हवेची गाडी होती. काचा बंद. बायको खिडकीला बसली, मी तिच्या बाजूला. मांडीवर पिशवी, पिशवीत भाच्यासाठी ज्वारीचं पीठ आन् शेंगदाण्याची चटणी. कंडक्टर आला. मी दोघांची आधार कार्डं पुढं धरली आन् रोज सांगतो तसं मोठ्यानं सांगितलं,

"एक अमृत, एक सन्मान."

सगळी गाडी हसली.

आमच्याकडं यात हसण्यासारखं काही न्हाई. आमच्या लाल गाडीत पंचाहत्तर पार केलेल्या माणसाला तिकीट लागत न्हाई. त्याला अमृत म्हणतात. बाईला अर्धं तिकीट, त्याला सन्मान म्हणतात. भोकरदनच्या गाडीत कंडक्टर दारातूनच ओरडतो, "अमृत किती, सन्मान किती?" आम्ही हात वर करतो. मशीनमधून शून्याचं तिकीट निघतं. बायको मला चिडवायची, "तुम्ही अमृत पिऊन बसले. आता काय मरत न्हाई. मला मेलीला निसता सन्मान." गावापासून शहरापर्यंतच्या गाडीतबी सकाळी हेच म्हणली होती. शेजारची बाई हसली होती. ते हसणं वेगळं होतं.

शहरातला कंडक्टर म्हणला, "अमृत? ओ काका, ही बस आहे, रसवंती नाही."

आणखी हसले. मागं कोणीतरी टाळी दिली.

"दोन फुल. सुट्टे द्या."

मी पाचशेची नोट काढली. एकच होती.

"पाचशे? वीस-वीसच्या तिकिटाला? स्कॅन करा."

"काय करू?"

"स्कॅन. फोन नाही का?"

मी फोन दाखवला. बटणांचा. पुन्हा हसले. मला वाटलं, या लोकांना पगार हसण्याचाच मिळतो का काय.

बायको म्हणली, "थांब जरा बाबा. माझ्याकडं हायेत सुट्टे." आन् तिनं पदराची गाठ हातात घेतली.

ती गाठ मी मारली होती. सकाळी लाल गाडीतून उतरायच्या आधी, मीच. शहरात चोर असतात, जल्दी सुटू नाही अशी मार, म्हणून तिनं पदर माझ्यापुढं केला होता. मी दोन पीळ देऊन, दातानं ओढून मारली. आत दहा-दहाची नाणी होती. तिची बोटं वाकडी झालेली. सांध्याला सूज. ती नखानं गाठ उकलून राह्यली, कंडक्टर मशीन मांडीवर आपटून राह्यला. मी निसता बघून राह्यलो.

तेवढ्यात समोरचा उठला.

तिशीतला असंल. इस्त्रीचा सदरा. गळ्यात पट्टा आन् पट्ट्याला फोटोचं कार्ड. आमच्याकडं गळ्यात पट्टा जनावराला बांधतात, तेबी कामावरून आल्यावर सोडतात. त्याच्यासंगं एक पोरगी, तिनं फोन वर धरलेला.

"दादा, यांचं मी करतो," तो म्हणला. फोन पुढं केला. टिंग वाजलं.

पोरगी म्हणली, "अरे, नीट नाही आलं. परत कर ना."

त्यानं पुन्हा फोन पुढं केला. निसताच. तोंडावर तेच हसू पुन्हा आणलं. पैसे एकदा गेले, उपकार दोनदा झाला.

मंग वाकून बायकोला म्हणला, "आजी, आशीर्वाद द्या ना. इकडं बघून."

बायकोनं गाठीवरून नजर काढली. "कशाचा आशीर्वाद? मी पैसे काढून राह्यले ना. आमचं तिकीट आम्ही काढू. तुझे पैसे माघारी घे."

"असू द्या हो आजी. मी तुमच्या नातवासारखा."

"माझा नातू असता तर गाठ सोडायला हात लावला असता."

त्याचं हसू जरा खाली आलं. पोरगी म्हणली, "हे कट करू." बायको उठली. एका हातात पदर, दुसऱ्या हातानं दांडा धरला. कंडक्टरला म्हणली, "गाडी थांबव. मला उतरू दे."

आन् मी काय केलं?

मी तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. म्हणलो, "गप बस. लोकं बघून राह्यलेत." आन् त्या पट्टेवाल्या पोराला, माझ्या निम्म्याहून लहान पोराला, मी हात जोडले. "सुखी राहा बाबा," म्हणलो. फोनमधे बघून म्हणलो. सांगितलं होतं तिकडं बघून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत एकजण उठून म्हाताऱ्याला जागा देत न्हाई, पण टाळ्या वाजवायला सगळ्यांचे हात मोकळे.

कंडक्टरनं तिकिटं फाडली. ज्यानं पैसे भरले त्याच्या हातात दिली. त्यानं दोन्ही तिकिटं पत्त्यासारखी पसरून फोनला दाखवली आन् सदऱ्याच्या खिशात टाकली. तिसऱ्या थांब्यावर दोघं उतरून गेले.

बायको म्हणली, "तिकिटं गेली."

मी म्हणलो, "पैसे तर भरले ना त्यानं."

चौथ्या थांब्यावर तपासणीवाला चढला.

"तिकीट."

बायकोनं सगळं सांगितलं, धडाधड. कोण आला, काय केलं, तिकिटं कुठल्या खिशात गेली, सदऱ्याचा रंगबी सांगितला. तपासणीवाल्यानं कंडक्टरकडं पाह्यलं. कंडक्टर म्हणला, "मी तिकिटं दिलीत. कोणाची कोणाला, मला काय माहीत? तिकीट प्रवाशाकडं पाहिजे." अर्ध्या घडीपूर्वी हाच रसवंती म्हणून आमच्यावर हसला होता. आता आम्ही त्याच्या ध्यानात न्हाई.

मी गाडीकडं पाह्यलं. तीच माणसं होती. टाळ्या वाजवलेली. एकानं तरी तोंड उघडावं? सगळ्यांच्या माना फोनमधे. शिकलेली माणसं. त्यांना आमच्यासाठी टाळी वाजवता येते, साक्ष देता येत न्हाई. साक्ष द्यायला उतरायचा थांबा चुकवावा लागतो.

आम्हाला दोघांना खाली उतरवलं. रस्त्याच्या कडंला, उन्हात.

"दोघांचे हजार होतात," तो म्हणला. "तुमच्या वयाकडं बघून एकाचेच घेतो. पाचशे."

मी पाचशेची नोट दिली. तिकिटाला जी नोट मोठी होती ती दंडाला बराबर बसली. सुट्टे कोणी मागितले न्हाई.

त्यानं पावतीपुस्तक काढलं. मी हात जोडून उभा होतो. पुन्हा. ती भांडत होती. त्यानं मला सोडून दिलं आन् तिला विचारलं, "नाव?"

हात जोडणाऱ्याला सोडलं, बोलणारीला धरलं.

मी तिला उभ्या जन्मात नावानं हाक मारली न्हाई. आमच्यात तशी रीत न्हाई. लेकीच्या नावानं, सुमनची माय म्हणायचो. तिनं त्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं. खणखणीत. कौसाबाई. पुढं माझं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा जालना, सगळं. शाळेत हजेरी द्यावी तसं. ती शाळेत कधी गेलीच न्हाई.

त्यानं लिहिलं. कौसाबाई. आन् खालच्या रकान्यात लिहिलं, विनातिकीट प्रवास.

"काय लिहिलं?" तिनं मला विचारलं.

मी चौथी शिकलो. मी वाचून दाखवलं.

ती त्याला म्हणली, "मी बिनतिकिटाची कधी बसले न्हाई. हे खोड."

तो म्हणला, "आजी, छापील असतं. खोडता येत नाही." आन् दुसऱ्या बसला हात करून निघून गेला.

ती कधी बिनतिकिटाची बसली न्हाई, हे खरं आहे. त्याला साक्षीदार मी. लेक कडेवर असताना, खिशात पैसा नसताना, आम्ही भोकरदनहून गावापर्यंत पायी आलेलो आहोत. गाडी शेजारून जायची, ओळखीचा कंडक्टर "चढा वहिनी, राहू द्या पैसे" म्हणायचा. ती मान हलवायची. धूळ खात चालायची. आन् तो रस्ता तरी कोणाचा? मोठ्या दुष्काळात, आमचं नवीन लग्न झालेलं, तेव्हा त्याच रस्त्याच्या खडी केंद्रावर आम्ही दोघं कामाला होतो. ती खडी फोडायची, मी टोपलं वाहायचो. हजेरीचे पैसे आन् सरकारनं खायला वाटलेली सुकडी, एवढ्यावर दिवस काढले. तिच्या बोटांचे सांधे त्या हातोडीनं गेले. त्या रस्त्यावरून आज लाल गाडी पळती, तिच्यात तिला अर्धं तिकीट लागतं. ते कोणाची मेहरबानी न्हाई. तिनं आधीच भरलेलं आहे. बोटांनी भरलेलं आहे.

हा फरक तिला बिलकुल कळत होता. मला त्या दिवशी कळला न्हाई. मला वाटलं, फुकट ते फुकट. लाल गाडीतलंबी फुकट, पट्टेवाल्याचंबी फुकट. मी चौथी शिकलेला गाढव.

भाच्याच्या घरी आम्ही पायी गेलो. ती जन्मभर माझ्या मागं चालली. त्या दिवशी पुढं चालली. वाटेत एकदाच बोलली, मागं न बघता.

"तुम्ही हात जोडले."

तेवढंच. आम्ही पत्ता विचारत विचारत गेलो, पण माझ्याशी ती बोलली न्हाई. पत्ताबी तीच विचारत होती.

भाचा म्हणजे तिच्या बहिणीचा पोरगा. बहीण लवकर गेली, म्हणून पाचवी ते दहावी आमच्या घरी राहून शिकला. आता कंपनीत मोठ्या जागेवर आहे. सातव्या मजल्यावर घर घेतलं, त्याची वास्तुशांती होती, म्हणून आम्ही गेल्तो. घ्यायला आला न्हाई. फोनवर म्हणला होता, "बस पकडा मावशी, एकदम सोपं आहे."

बायकोनं पावती दाखवली. त्यानं पाहुण्यांकडं पाह्यलं, आवाज बारीक केला.

"पाचशेच ना मावशी? मी देतो. आणि कॅब करायची ना काका. मला सांगायचं, मी बुक केली असती."

"पैसे नको," ती म्हणली. "तू शिकलेला हायस. एवढं नाव खोडून आण."

"बघतो," तो म्हणला. दारातल्या पाहुण्याला "या या" म्हणत गेला. पावती चपलांच्या कपाटावर ठेवून गेला. बायकोनं ती उचलली, घडी करून पिशवीत ठेवली. कार्यक्रमासाठी लुगडं बदललं. गाठीचं लुगडं गुंडाळून पिशवीतच टाकलं. जेवली न्हाई. उपास आहे म्हणली. कशाचा उपास होता? त्या दिवशी कोणताच न्हवता.

दुसऱ्या दिवशी आलो परत. भाच्यानं केलेल्या आहेराच्या पाकिटातून तिचं अर्धं तिकीट काढलं. कंडक्टर म्हणला, "अमृत, सन्मान?" मी हो म्हणलो. ती खिडकीबाहेर बघत होती. चिडवलं न्हाई मला.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात बाजरी निसत बसली होती. छातीत कळ आली. मी पाणी आणायला गेलो. दवाखान्याची गाडी बोलावली, ती यायच्या आत संपलं. अपमानानं मेली असं मी म्हणणार न्हाई. तसं म्हणणं सोपं आहे, लोकांना ऐकायला गोड लागतं. डॉक्टर म्हणला, हृदय. ठीक आहे, हृदय. पण माझ्याशी बोलली न्हाई ते हृदयानं न्हाई. ते माझ्या हातांनी.

तेरवीला भाचा आला, स्वतःच्या गाडीनं. पांढरा सदरा, काळा चष्मा. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ बसला आन् फोन काढला.

"काका, हे बघा. मला ऑफिसातल्या एकानं पाठवलं. मावशीचं शेवटचं शूटिंग. ठेवा आठवण म्हणून. लाखो लोकांनी पाह्यलंय."

आष्टीहून आलेली लेक जवळ आली. चार बायाबी आल्या. मी पाह्यलं.

वर अक्षरं होती, निराधार आजी-आजोबांना मदतीचा हात. निराधार. आमच्या गावात निराधारचा फॉर्म असतो, तहसीलमधे भरतात. आम्ही तो कधी भरला न्हाई. ती म्हणायची, मी आहे, तुम्ही आहात, मंग निराधार कोण? शहरातल्या पोरानं विचारल्याशिवाय भरून टाकला. मागं रडकं बासरीचं गाणं लावलेलं. बायको गाठ सोडताना दिसली. मंग एकदम मी. हात जोडलेले. "सुखी राहा बाबा." मधलं सगळं कापलेलं. माघारी घे म्हणली ते न्हाई. नातवाचं म्हणली ते न्हाई. गाडी थांबव म्हणली ते न्हाई. तिचं तोंड ठेवलं, तोंडातले शब्द काढून घेतले.

खाली लोकांनी लिहिलेलं. भाचा वर सरकवून राह्यला. माणुसकी जिवंत आहे. डोळ्यात पाणी आलं. आन् जोडलेल्या हातांची चित्रं, एकाखाली एक, रांगच. माझेच हात मला परत पाठवून राह्यले.

मंग शेवटी तो पट्टेवाला आला. हसत. हातात दोन तिकिटं, पत्त्यासारखी पसरलेली.

"थांब," मी म्हणलो. "मागं घे."

"काय काका?"

"मागं घे. आणखी. इथं. थांबव."

दोन्ही तिकिटं स्वच्छ दिसत होती. नंबर दिसत होते. मागं खिडकीत कौसाबाईचा पदर दिसत होता.

"ही कौसाबाईची तिकिटं हायेत," मी म्हणलो. माझ्या तोंडून हे नाव निघालं तेव्हा लेकीनं माझ्याकडं पाह्यलं. "ह्याचा फोटो काढ. हसनाबादच्या झेरॉक्सवाल्याला पाठव."

भाचा म्हणला, "काका, पाचशे रुपयांसाठी? आता मावशी तर राहिली नाही."

"म्हणून तर. ती असती तर तिनंच केलं असतं."

"अहो, कोण बघतं त्या पावत्या? रद्दीत जातात."

"रद्दीत जाऊ दे. तिचं नाव काढून जाऊ दे."

"मंग ऑनलाइन तक्रार टाकतो मी. घरबसल्या होतं."

"तू बघतो म्हणला होतास. बघितलं तुझं."

त्यानं काळा चष्मा लावला. फोटो पाठवला मात्र. आमच्या घरी राहून निदान एवढं शिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. पिशवी काढली. पावती खिशात घातली. तिचं लुगडं काढलं, पदर मांडीवर घेतला. गाठ तशीच होती. दोन पीळ. नखानं सुटंना. दातानं सोडली, ज्या दातांनी मारली होती त्याच. चार नाणी निघाली. दहाची. मंग लुगडं नीट घडी करून लेकीकडं दिलं. ती रडली. मला रडायला वेळ न्हवता, गाडी साडेसातची होती.

हसनाबादला उतरलो. झेरॉक्सवाला शटर उचलून राह्यला होता. फोटो काढून घेतला, मोठा, रंगीत. पावतीचं झेरॉक्स काढलं. त्याला ती चार नाणी दिली. तो म्हणला, "राहू द्या बाबा, तेरवी कालच झाली तुमच्याकडं." मी म्हणलो, "घे. सुट्टे हायेत." त्यानं घेतली. दोन कोरे कागदबी घेतले त्याच्याकडून.

शहराची लाल गाडी आली. जागा मिळाली, खिडकीची. कंडक्टर ओळखीचा.

"अमृत ना बाबा? आज एकलेच?"

"एकला."

त्यानं शून्याचं तिकीट काढून पुढं केलं. मी ते हातात घेतलं, पाह्यलं, वरच्या खिशात ठेवलं. हात जोडले न्हाईत. तो उपकार करून राह्यला न्हवता, मी भीक घेऊन राह्यलो न्हवतो.

गाडीत बसून शहरातल्या बसवाल्यांच्या हापिसाला अर्ज लिहिला. गाडी हलती, अक्षर वाकडं आलं. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं न्हवतं. शेवट असा लिहिला:

"सोबत फोटो जोडला आहे. त्यात तिकिटं दिसतात आन् ज्याच्या हातात आहेत तो माणूसबी दिसतो. त्याला मी आशीर्वाद दिला होता. तो मी परत घेतला आहे. कौसाबाई विनातिकीट न्हवती. पावतीवरून तिचं नाव काढा आन् काढलं असं लिहून द्या. पैसे मागत न्हाई, ते तुम्हाला ठेवा. उद्या या म्हणाल तर उद्या येईन. साहेब न्हाई म्हणाल तर परवा येईन. स्टँडापासून तुमच्या हापिसापर्यंत पायी येईन, तुमच्या गाडीत बसणार न्हाई. गावापासून स्टँडापर्यंत मला तिकीट लागत न्हाई. मी अमृत आहे."